निकालाच्या आधींचे आठवडे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं एक गृहस्थ माझ्याकडे आले. परळच्या बाजूस राहणारे, बेस्टच्या नोकरींत बरींच वर्षें काढलेले, स्वतः दहावीपुढें शिकूं न शकलेले, परंतु मुलाच्या शिक्षणाविषयीं अत्यंत दक्ष. मुलगा वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला होता. निकाल लागला होता आणि मुलानें घरीं येऊन सांगितलें होतें कीं, "एटीकेटी लागली." गृहस्थांनीं खिशांतून गुणपत्रिकेची प्रत काढून माझ्यापुढें ठेवली व अगदीं शांतपणें विचारलें, "सर, एवढेंच सांगा, हा पास आहे कीं नापास?"

मी तीस वर्षें कॉलेजांत शिकविलें आहे. तरी ह्या प्रश्नाला एका शब्दांत उत्तर मला देतां आलें नाहीं. 'अलाउड टु कीप टर्म्स' ह्या चार इंग्रजी शब्दांचीं हीं आद्याक्षरें. राहिलेले विषय मागाहून सोडविण्याच्या अटीवर विद्यार्थ्याला पुढची टर्म राखण्यास मुभा आहे, एवढाच त्यांचा अर्थ. म्हणजे ही एक सवलत आहे. परंतु आमच्या चाळींतून तिच्याविषयीं बोलतांना लोक "एटीकेटी मिळाली" असें कधींच म्हणत नाहींत. साडेसाती लागावी तशी ती 'लागते'. सवलतीलाच शिक्षा समजण्याची पाळी कां यावी, ह्याचा मी त्या दिवसापासून विचार करीत आहें, आणि आजचें हें भाषण त्या विचारांतून आलें आहे.

'टर्म' हा शब्द आपल्या भाषेंत इतका रुळला आहे कीं, टर्म भरणें, टर्म बुडणें, टर्म न मिळणें हे प्रयोग आपण सहज करतों. लंडनमध्यें बॅरिस्टर होऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला ज्या संस्थांत नांव नोंदवावें लागे, तेथें टर्म राखणें म्हणजे त्या संस्थेच्या भोजनगृहांत ठराविक वेळां जेवावयास हजर राहणें, असा अक्षरशः अर्थ होता. महात्मा गांधींनीं आपल्या आत्मचरित्रांत ह्या जेवणांची हकीकत सांगितली आहे व त्या चालीचें त्यांना नवलच वाटलें होतें. तिच्यांतला हास्यास्पद भाग सोडून दिला तरी मुळाशीं एक समजूत होती: टर्म भरते ती गुणांनीं नव्हे, सहवासानें. पंक्तींत एक पान रिकामें राहिलें तर तें निदान शेजारच्याला तरी दिसतें.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजीं स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. आणि लंडन विद्यापीठ त्या काळीं शिकविणारें नव्हे, परीक्षा घेणारें विद्यापीठ होतें. शिकवावें कॉलेजांनीं, मोजावें विद्यापीठानें, अशी ही वांटणी. १८६२ सालीं महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे ह्या विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले. चौघांच्या काळीं प्रत्येकाचें अक्षर व प्रकृति गुरूला ठाऊक असल्यास नवल नव्हतें. पुढें चारांचे चारशें झाले, चारशेंचे लाख झाले, १८७८ मध्यें राजाबाई टॉवर उभा राहून सगळ्या शहराला वेळ सांगूं लागला. परंतु मूळची वांटणी पुष्कळ अंशीं तशीच राहिली. परिणाम असा कीं, अमुक विद्यार्थी संकटांत आहे ही गोष्ट विद्यापीठाला प्रथम कळते ती उत्तरपत्रिकेवरून, म्हणजे संकट येऊन गेल्यावर.

आतां आजचा नियम काय आहे तो थोडक्यांत सांगतों, कारण पुष्कळ घरांतून त्याविषयीं त्या बेस्टमधल्या गृहस्थांइतकाच घोंटाळा असतो. २०११-१२ पासून विद्यापीठानें श्रेयांक-पद्धति आणली व वर्षाचीं दोन सत्रें झालीं. पहिल्या सत्रांतून दुसऱ्यांत जातांना दार उघडेंच असतें. कितीही विषय राहिले तरी तेथें कोणी अडवीत नाहीं. पहिलें दार येतें तें पहिल्या वर्षांतून दुसऱ्यांत जातांना. तेथें राहिलेल्या विषयांना किंवा श्रेयांकांना मर्यादा असते. ती अभ्यासक्रमाप्रमाणें निरनिराळी असते आणि स्वायत्तता मिळालेल्या कॉलेजांचे नियम त्यांचे त्यांचे असतात. मर्यादेच्या आंत असेल त्याला पुढच्या वर्गांत बसावयास मिळतें. दुसरें आणि खरें अवघड दार दुसऱ्या वर्षांतून तिसऱ्यांत जातांना. तेथें पहिल्या वर्षाचें सारें देणें फिटलेलें असावें लागतें, अशी सर्वसाधारण रचना आहे.

हा नियम निर्दय आहे असें मी म्हणणार नाहीं. एक विषय राहिला म्हणून सबंध वर्ष फुकट जाण्याची धास्ती त्यानें कमी केली, आणि ज्या घरांत मुलगा केव्हां कमावता होतो ह्याची वाट पाहिली जाते त्या घरांत एका वर्षाची किंमत काय असते हें मीं जवळून पाहिलें आहे. परंतु हप्ते लांबवून देणाऱ्या सावकाराच्या दुकानांत जें होतें तेंच येथेंही होतें. समजा, पहिल्या सत्रांत सात विषय होते आणि मुलाचे दोन राहिले. दुसऱ्या सत्रांत आणखी दोन राहिले. तो दुसऱ्या वर्षांत गेला. तेथें नवे सात. आतां त्या सातांवर जुने चार, म्हणजे अकरा विषयांचें ओझें. ज्याला सात झेपले नाहींत त्याच्या डोक्यावर अकरा दिले, आणि तेही अशा स्थितींत कीं, पहिल्या वर्षाचें हिशेबशास्त्र कच्चें असल्यामुळें दुसऱ्या वर्षाचें त्याला कळतच नाहीं. दार उघडें होतें म्हणून तो आंत आला. आंत आल्यावर मात्र प्रत्येक पाऊल पहिल्यापेक्षां जड. ही बेरीज मुलाला कोणी पहिल्या सत्राच्या आरंभीं करून दाखवीत नाहीं. ती त्याला तिसऱ्या वर्षाच्या दाराशीं एकदम कळते.

म्हणून माझें म्हणणें असें आहे कीं, राहिलेल्या विषयांची मर्यादा दोन असावी कीं चार ह्या वादांत आपण जितकी शक्ति खर्च करतों, तिच्या निम्मी जरी पहिल्या सत्राच्या पहिल्या दहा आठवड्यांकडे लावली, तरी त्या मर्यादेची गरज पुष्कळांना भासणार नाहीं.

हे दहा आठवडे मुंबईंत कसे जातात तें पहा. कॉलेजाचें वर्ष पावसाबरोबर सुरू होतें. प्रवेशाच्या याद्या, फी, ओळखपत्र ह्यांत आषाढ जातो. गाड्या पाण्यानें अडकतात त्यांत चार दिवस जातात. मराठी शाळेंतून आलेल्या मुलानें अकरावी-बारावी इंग्रजींतून कशीबशी निभावलेली असते. येथें व्याख्यान ऐकतां ऐकतां लिहून घ्यावयाचें असतें, आणि ऐकलें तर लिहितां येत नाहीं व लिहिलें तर ऐकतां येत नाहीं अशी त्याची अवस्था होते. तेवढ्यांत श्रावण संपतो. लालबाग, परळ, गिरगांव ह्या भागांत गणपतीच्या आधींचे कांहीं आठवडे मंडपाचे, वर्गणीचे आणि ढोलाच्या सरावाचे असतात. मी स्वतः गिरगांवांत, चाळींत वाढलों. रात्रीं बारापर्यंत मंडपाचे बांबू धरून उभा राहिलेला मनुष्य उत्सवाला काय दोष देणार? शिवाय कित्येक मंडळांनींच अभ्यासिका आणि पुस्तकपेढ्या चालविल्या आहेत. मी एवढेंच म्हणतों कीं, विसर्जनाचा थकवा उतरेपर्यंत सत्रपरीक्षा दाराशीं येऊन उभी राहते, आणि जो आरंभीं दोन पावलें मागें पडला होता तो आतां वीस पावलें मागें असतो.

मागें पडणाऱ्याचीं लक्षणें गूढ नसतात. जुलैंत दुसऱ्या बाकावर बसणारा ऑगस्टमध्यें सहाव्या बाकावर बसूं लागतो. मग दाराजवळ. पुढें पहिल्या तासाला उशिरां येतो, आणि मग येत नाहीं. पहिली लहानशी चांचणी तो चुकवितो, कारण शून्य मिळण्यापेक्षां गैरहजर राहणें त्याला कमी अपमानाचें वाटतें. घरीं विचारलें तर "चाललें आहे" असें म्हणतो. हें सर्व शेकडा चाळीस गुण न मिळाल्याचा कागद येण्यापूर्वीं कित्येक आठवडे दिसत असतें. हजेरीचा नियम आहे, शेकडा पंचाहत्तर तासांना उपस्थित राहिलेंच पाहिजे. आणि कमी हजेरीच्या मुलांचीं नांवें फलकावर लागतात. ही यादी म्हणजे खरें पाहतां आजाऱ्याच्या उशाशीं टांगलेला तापाचा तक्ता होय. परंतु आपण ती लावतों आरोपींच्या यादीसारखी, आणि ज्याचें नांव तिच्यावर आलें तो फलकाजवळून जाणेंच सोडतो.

येथें मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. गोष्ट १९९० नंतरच्या कांहीं वर्षांतली आहे. तेव्हां परीक्षा वर्षाअखेरीस एकदांच होई. माझ्या वर्गांत लालबागचा एक मुलगा होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणीसंपांत जे सुमारें अडीच लक्ष कामगार होते, त्यांतले त्याचे वडील एक; त्यांना पुन्हा गिरणींत काम मिळालें नाहीं. आई घरीं खाणावळ चालवीत असे. मुलगा सकाळीं मिरची-मसाल्याच्या एका दुकानांत काम करून कॉलेजांत येई, आणि पहिल्या तासाला त्याच्या कपड्यांना येणाऱ्या मिरचीच्या वासानें शेजारचीं मुलें शिंकत. मला ह्याचें हंसूं आलें होतें, हेंही मीं कबूल करतों. दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें मी नियमानें फुली मारीत गेलों. माझें काम मीं चोख केलें होतें. एकही फुली चुकली नव्हती. कोठें राहतो, काय झालें, हें विचारावें असें मात्र एकदांही मनांत आलें नाहीं. परीक्षा त्यानें दिली, दोन विषयांत गेला, आणि पुढच्या वर्षीं वर्गांत नव्हता.

दहा-बारा वर्षांनीं लालबागलाच मसाल्याच्या दुकानांत त्यानें मला ओळखलें. दुकान आतां त्याच्या चुलत्याचें होतें व तो गादीवर होता. बोलतां बोलतां म्हणाला, "सर, दोन विषय गेले आणि नांव कमी झालें, नाहींतर पदवी झाली असती." मी चमकलों. दोन विषय राहिलेल्याचें नांव कमी होत नव्हतें. त्याला पुढच्या वर्गांत बसण्याची मुभा होती! फलकावर आपल्या क्रमांकापुढें त्यानें चार इंग्रजी अक्षरें पाहिलीं, इतरांपुढें 'पास' पाहिलें, आणि आपण गेलों असें समजून तो जिना उतरला. कोणाला विचारावें असें त्याला कोणी वाटलें नाहीं. मीं त्याला खरा नियम सांगितला तेव्हां तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मिरची तोलली, पुडा बांधला, आणि पैसे घेण्याचें नाकारलें.

अशा मुलांविषयीं बोलतांना "बुद्धीच बेताची" हा शेरा फार लौकर मारला जातो. म्हणून दोन प्रसिद्ध विद्यार्थ्यांची आठवण करून देतों. दोघेही ह्याच मुंबई विद्यापीठाचे. पहिले मोहनदास गांधी. १८८७ सालीं ते मॅट्रिक झाले. मुंबईंतलें कॉलेज खर्चाचें, म्हणून १८८८ च्या आरंभीं त्यांनीं भावनगरच्या सामळदास कॉलेजांत नांव घातलें. तें कॉलेज मुंबई विद्यापीठाशींच जोडलेलें होतें. तेथें व्याख्यानें त्यांना समजेनात. दोष प्राध्यापकांचा नव्हता, आपणच कच्चे होतों, असें त्यांनीं पुढें प्रांजळपणें लिहिलें आहे. पहिली टर्म संपतांच ते घरीं परतले, व पुन्हा त्या कॉलेजांत गेले नाहींत. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर पहिल्या सत्रांतच गळालेला विद्यार्थी! त्यांना पुढचा मार्ग सुचविला तो कॉलेजांतल्या कोणीं नव्हे, तर मावजी दवे नांवाच्या, कुटुंबाच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं. विलायतेला जाऊन बॅरिस्टर होण्याचा सल्ला त्यांचा. विलायतेंतही लंडनच्या मॅट्रिकला लॅटिनमध्यें गांधी एकदां नापास झाले, आणि पुन्हा बसून उत्तीर्ण झाले.

दुसरे भीमराव आंबेडकर. त्यांचें घर परळला, एका चाळींत. जागा एवढीशी कीं, सर्वांनीं एकदम झोपावें आणि मुलानें अभ्यासही करावा हें शक्यच नव्हतें. तेव्हां वडील रामजी सुभेदार मुलाला लौकर निजवीत, स्वतः जागे राहत, आणि रात्रीं दोनच्या सुमारास त्याला उठवून त्याच्या जागेवर आपण आडवे होत. १९०७ मध्यें आंबेडकर मॅट्रिक झाले; साडेसातशेंपैकीं २८२ गुण. आजच्या कॉलेजांतल्या प्रवेशयादींत हे गुण कोठें बसले असते ह्याचा ज्यानें त्यानें विचार करावा. ह्या विद्यार्थ्याकडे ज्यांचें लक्ष प्रथम गेलें ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर. ते शिक्षक होते, पण आंबेडकरांच्या शाळेंतले नव्हते. चर्नी रोडच्या बागेंत ते संध्याकाळीं जाऊन बसत. तेथें एक मुलगा रोज वाचीत बसलेला त्यांना दिसे. त्यांनीं त्याला तूं कोण म्हणून विचारलें, पुस्तकें दिलीं, आणि मॅट्रिक झाल्याबद्दल भरलेल्या सभेंत स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें. इंटरची परीक्षा झाल्यावर रामजींजवळचा पैसा संपला, तेव्हां केळुसकरच त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले, व दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजांतले प्रोफेसर म्यूलर त्यांना पुस्तकें देत. १९१२ मध्यें आंबेडकर बी. ए. झाले.

ह्या दोन्ही हकीकतींत माझ्या मनाला टोंचते ती गोष्ट निराळीच आहे. एकाला हात दिला घरच्या स्नेह्यानें, दुसऱ्याला बागेंत फिरावयास आलेल्या परक्या शाळेंतल्या मास्तरांनीं. म्यूलरसाहेबांचा अपवाद सोडला तर जिच्या नांवावर विद्यार्थी होता त्या व्यवस्थेनें त्याला आधीं पाहिलें असें दिसत नाहीं. योगायोग घडला म्हणून आज आपण त्यांची नांवें घेतों. केळुसकर त्या संध्याकाळीं दुसऱ्या बागेंत गेले असते तर? आणि बाबासाहेब स्वतः हें विसरले नाहींत. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें २० जून १९४६ रोजीं मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलें तेव्हां तासांची वेळ सकाळची ठेवली, कारण नोकरी करून शिकणाऱ्याला दुपारचें कॉलेज असून नसल्यासारखें. वेळापत्रक ही एक मदत असूं शकते, ही साधी गोष्ट अजून पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

जागेचा प्रश्न तर आमच्या भागांत पिढीजात आहे. दहा बाय बाराच्या खोलींत पुस्तक उघडावें कोठें? वरळींत एक रस्ता आहे, त्याला लोक 'अभ्यास गल्ली' म्हणतात. बी. डी. डी. चाळींतलीं व आसपासचीं मुलें तेथें रस्त्याच्या दिव्याखालीं, पदपथावर बसून कित्येक वर्षें परीक्षांचा अभ्यास करीत आलीं आहेत. ह्या गल्लीकडे पाहून आपल्याला मुलांच्या चिकाटीचें कौतुक वाटतें. मला तेथें आणखी एक गोष्ट दिसली. मुलें तेथें केवळ उजेडासाठीं येत नाहींत. शेजारचा काय वाचतो हें कळतें, अडलें तर विचारतां येतें, आणि आपल्यालाच कळत नाहीं असें नाहीं हें समजतें.

ह्या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व किती आहे ह्याचा एक प्रसिद्ध दाखला अमेरिकेंतला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील कॉलेजांत १९७० नंतरच्या दशकांत यूरी ट्राइझमन हा तरुण गणिती काम करीत होता. पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रांत काळ्या वर्णाचीं मुलें पुष्कळ संख्येनें नापास होत, चिनी वंशाचीं मुलें मात्र चमकत. कारणें सर्वांना ठाऊकच होतीं: आवड नाहीं, तयारी कच्ची, घरीं उत्तेजन नाहीं. ट्राइझमननें दोन्ही गटांतलीं वीस-वीस मुलें निवडलीं व तीं अभ्यास कशीं करतात हें त्यांच्याबरोबर राहून पाहिलें. ठरीव कारणांपैकीं एकही टिकलें नाहीं. काळीं मुलें कष्टाळू होतीं, पण एकेकटीं अभ्यास करीत. अडलीं कीं अडलींच. चिनी मुलें आधीं एकटीं व मग एकत्र बसत, एकमेकांचीं उत्तरें तपाशीत. त्यानें मग कच्च्या मुलांचा वर्ग काढला नाहीं. उलट अधिक अवघड उदाहरणें देऊन मुलांना एकत्र बसविलें, आणि निकाल पालटला.

आमच्याकडे ह्याच्या नेमकें उलट घडतें. मदतीचा वर्ग निघतो तो 'मंदगति विद्यार्थ्यांसाठीं'. ह्या नांवाच्या पाटीखालीं कोणता स्वाभिमानी मुलगा जाऊन बसेल? शिवाय तो बहुधा निकालानंतर निघतो, आणि अशा वेळीं कीं, पोटासाठीं काम करणारा तोंपर्यंत कामावर गेलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगानें अनुसूचित जाति-जमाती व इतर मागास वर्गांच्या विद्यार्थ्यांसाठीं जादा शिकवणीची योजना काढली, २०१९ मध्यें नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजाची ओळख करून देणारी 'दीक्षारंभ' ही मार्गदर्शिका दिली. प्रत्येक शिक्षकाकडे कांहीं विद्यार्थी सोपविण्याची पद्धतही आतां पुष्कळ ठिकाणीं आहे. कागदावर उणें फारसें नाहीं. परंतु शिक्षकाकडे सोपविलेल्या विद्यार्थ्यांचें फॉर्म भरण्याचेंच काम इतकें वाढतें कीं, विद्यार्थ्याशीं दहा मिनिटें बोलणें तेवढें राहून जातें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय केली. बाहेर पडण्याला प्रतिष्ठा दिली हें चांगलेंच झालें. मला भीति इतकीच वाटते कीं, ज्याला थोड्या मदतीनें पदवीपर्यंत जातां आलें असतें त्याला हेंच दार सौजन्यानें दाखविण्यांत येईल.

इशारा देण्याचाही एक प्रकार असतो. कॅनडांतल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या नोंदी तपासून तीन अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाअखेर ठराविक रेषेच्या किंचित् खालीं राहिलेल्यांना तेथें 'परीक्षाधीन' ठरवीत. रेषेच्या किंचित् वर असलेले विद्यार्थी गुणवत्तेनें जवळजवळ सारखेच, पण त्यांना इशारा नाहीं. दोघांची तुलना केली तेव्हां असें दिसलें कीं, इशारा मिळालेल्यांतले जे टिकले त्यांचे गुण सुधारले. पण इशारा मिळाल्यामुळेंच कांहीं जण कॉलेज सोडून गेले. एकच पत्र एकाला चाबूक झालें आणि दुसऱ्याला निरोपाचा विडा. पत्राबरोबर माणूस गेला असता तर काय झालें असतें, हें त्या नोंदींत नाहीं. पण मसाल्याच्या दुकानांतला माझा विद्यार्थी मला तें सांगूं शकला असता.

घरांतल्या वडील मंडळींना एक विनंति करतों. निकालाच्या दिवशीं विचारूं नका. तेव्हां उत्तर ठरलेलें असतें. जुलैच्या अखेरीस, गणपति बसण्यापूर्वीं एकदां विचारा, आणि "अभ्यास कसा चालला आहे" असें मोघम विचारूं नका. कोणता विषय अजिबात कळत नाहीं, त्या विषयाला शेजारीं कोण बसतो, शिक्षकांचें नांव काय, एवढेंच विचारा. शिक्षकाचें नांव मुलाला सांगतां आलें नाहीं तर समजावें कीं, त्यालाही तेथें कोणी ओळखत नाहीं. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ठिकठिकाणीं अभ्यासिका आहेत. मुलगा तेथें गेला तर एकटा जातो कीं दोघेतिघे मिळून, हेंही पाहावें. आणि मुलीच्या बाबतींत आणखी एक. तिचे दोन विषय राहिले कीं "पुरे झालें शिक्षण" म्हणणाऱ्या आत्या-माम्या घरोघर असतात. त्यांना एटीकेटीचा खरा अर्थ आधींच सांगून ठेवावा.

त्या बेस्टमधल्या गृहस्थांना मीं हेंच सांगितलें: मुलगा नापास नाहीं आणि पूर्ण पासही नाहीं, दोन विषय त्याच्या नांवावर उधार आहेत, वर्ग मात्र पुढचा आहे. त्यांनीं तें वाक्य मनाशीं एकदां घोळून पाहिलें. मग त्यांनीं विचारलें कीं, फेरपरीक्षेचा फॉर्म कोठें मिळतो व शेवटची तारीख कोणती. मीं कॉलेजाच्या कचेरींत फोन करून तारीख विचारली. त्यांनीं ती गुणपत्रिकेच्या मागें पेन्सिलीनें लिहून घेतली, आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आले. "सर, ह्या विषयाला त्याच्या शेजारीं कोण बसतो तें मी आज रात्रींच विचारतों," असें म्हणाले, व उतरून गेले.